अंगण नको, कालचा दिवस सांगा : उड्या मारणाऱ्या कुत्र्याला घर शोधताना

चपळ, एका जागी न टिकणाऱ्या कुत्र्यासाठी घर बघतेय असं कळलं की बहुतेक फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. "मावशी, आमच्याकडं लय मोठं अंगण हाय." वाक्य चांगलं आहे, पण त्यातून मला काहीच कळत नाही. अंगणात एकटं सोडलेलं कुत्रं पहिले दोन-तीन दिवस कोपरे हुंगतं, मग फाटकापाशी जाऊन बसतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींवर भुंकणं हाच त्याचा उद्योग होतो. महिनाभरात शेजारी तक्रार करतात आणि गळ्यात साखळी येते. अंगण कुत्र्याला पळवत नाही, माणूस पळवतो. म्हणून मी घर किती खणाचं आहे ते विचारत नाही. त्या घरातल्या माणसांचा दिवस कसा जातो ते विचारते.

साताऱ्यात गोडोलीला माझी मेस आहे. कॉलेजची पोरं, एमआयडीसीतले कामगार, भरतीची तयारी करणारे, अशांची ताटं आणि डबे. मागच्या दाराला पत्र्याची शेड आहे, तिथं एका वेळी एकच कुत्रं ठेवते. दोन ठेवली की एकमेकांच्या नादानं ती इतकी तापतात की कुणाचा खरा स्वभाव काय, ते कळायला मार्ग राहत नाही. संस्था-बिंस्था काही नाही. रस्त्यावर सापडलेलं कुत्रं बरं करायचं आणि योग्य हातात द्यायचं, एवढंच. खाली जे लिहितेय ते भिंगरीला डोळ्यापुढं ठेवून. ही हायवेला लिंब फाट्याजवळ सापडलेली तांबूस कुत्री. तोंड गावठी, पाय कारवानीचे (ही पळणारी शिकारी जात), वय दीडेक वर्षाचं.

आधी कुत्रं ओळखा, मग घर शोधा

उचलून आणलेलं कुत्रं पहिला आठवडा गरीब गाय असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या पोटात जंत असतात, अंगावर गोचिडी असतात, अनोळखी जागेची भीती असते. आपल्याकडं गोचीड ताप फार. रक्त कमी होतं, कुत्रं कोपऱ्यात पडून राहतं आणि बघणारा म्हणतो, "किती शांत आहे हो!" डॉक्टर रक्त तपासून गोळ्या लिहून देतात, तो कोर्स तीन-चार आठवडे चालतो. तो संपत आला की अंगात रक्त भरतं आणि खरं कुत्रं बाहेर येतं. भिंगरी आली तेव्हा उचलून रिक्षात ठेवावी लागली होती. कोर्स संपायच्या आत ती माझ्या कमरेएवढ्या भिंतीवरून उडी मारून शेजारच्या वाळवणात उभी होती. शांत म्हणून नेलेली आणि "लय दंगा करते" म्हणून परत आलेली जी कुत्री मी पाहिलीत, त्यांतली बरीचशी अशी आजारपणातच देऊन टाकलेली होती. तेव्हा औषधपाणी पूर्ण होईपर्यंत कुणाला शब्द देऊ नका.

तोवर लिहून ठेवा. मी गॅसशेजारी लटकणाऱ्या कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिते. कुत्रं कधी उसळतं? भिंगरीच्या दोन वेळा ठरलेल्या होत्या, पहाटे पाचच्या सुमाराला आणि संध्याकाळी ताटांचा आवाज सुरू झाला की. कशामागं धावतं? मांजर आणि कोंबडी दिसली की तिचे कान ताठ, मग हाक ऐकूच येत नाही. म्हशीकडं मात्र ढुंकूनही बघायची नाही. मुलांशी कशी वागते? प्रेमानं, पण उडी मारून थेट तोंड चाटते, म्हणजे चार वर्षांचं पोर आडवं झालंच समजा. एकटी राहते का? तासभर राहते, मग दार ओरबाडते. फटाके, डीजे, एसटीचा हॉर्न यांना काय करते? या चार-पाच नोंदींवरून निम्मी घरं आपोआप गळतात. कोंबड्या असलेलं घर गेलं, बालवाडीतलं पोर असलेलं घर गेलं, सकाळी आठला कुलूप लावून संध्याकाळी सातला उघडणारं घर गेलं. ज्यांना नाही म्हणायचं, त्यांना नीट कारण सांगता येतं हा दुसरा फायदा.

एक गोष्ट मात्र नीट पारखून घ्या. सगळी धावपळ म्हणजे उत्साह नव्हे. तासभर हिंडवून, हुंगू देऊन घरी आणलं आणि पाणी पिऊन कुत्रं पसरलं, तर तो उत्साह. फिरून आल्यावरही येरझाऱ्या, धापा, पंजा चाटत बसणं, भांडं पडलं तरी दचकणं असं चालू असेल तर ती भीती आहे. त्याला पळणारं घर नको, शांत घर हवं आणि आधी डॉक्टर हवा. दिवेलागणीला कुत्रं अंगात आल्यासारखं गोल-गोल धावतं, ते मात्र पाच मिनिटांचं असतं. त्याची काळजी नको.

आणि नुसतं पळवून कुत्रं दमवायच्या भानगडीत पडू नका. माझ्याकडं जेवणाऱ्या भरतीच्या पोरांचं बघते ना मी. सुरुवातीला सोळाशे मीटरला जीभ बाहेर येते, दोन-तीन महिन्यांनी तेवढं पळून आल्यावर हसत चार भाकऱ्या जास्त मागतात. कुत्र्याचंही तेच. रोज जास्त पळवाल तर रोज जास्त दम वाढेल. डोकं दमवायला हवं. जुन्या पोत्यात भाकरीचे तुकडे दडवून द्या, अंगणातल्या पाचोळ्यात चार फुटाणे फेका, चालताना हुंगायला थांबू द्या. पंधरा-वीस मिनिटं नाकानं काम केलेलं कुत्रं तासाभराच्या धावण्यापेक्षा लवकर निवतं. घेणाऱ्याला हे दाखवायचंच असतं, त्यामुळं तुमच्याकडं असतानाच ती सवय लावा.

देण्याआधीची कामं

रेबीजची लस, बाकीच्या रोगांची एकत्र लस, जंताचं औषध हे सगळं करून, कार्डावर तारखा लिहूनच द्यायचं. रेबीजची लस तीन महिन्यांच्या पुढं देतात, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आणि सहसा दर वर्षी. लेप्टोचा डोस विसरू नका. आपल्याकडचा पाऊस आणि उंदरांचं मूत म्हणजे त्या रोगाला आमंत्रण, आणि तो माणसालाही होतो.

नसबंदीच्या बाबतीत मी हट्टी आहे. "आम्ही करून घेऊ नंतर" याला मी मान डोलावते आणि ऑपरेशन आधीच करून टाकते. कुत्री माजावर आली की भिंत कितीही उंच असली तरी उपयोग नाही, आणि त्यानंतर साधारण 63 दिवसांनी घरात पिल्लं. कानाला व्ही आकाराची खाच असेल तर ऑपरेशन झालेलं आहे, डॉक्टरांना एकदा दाखवून खात्री करा. जवळपास सोय नसेल तर जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करायला हरकत नाही.

शिकवायचं थोडंच, पण पक्कं. बस, थांब, सोड, आणि नावानं हाक मारल्यावर येणं. पट्ट्यानं चालणं. उडी मारली की पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की लाड. मेसमधल्या पोरांना मी हे बजावून ठेवते, कारण एक जण पाठ फिरवतो आणि दुसरा "ये गं बाय" म्हणत मिठीत घेतो, मग कुत्रीनं काय शिकायचं?

जाहिरात

केविलवाणा फोटो टाकू नका. जखमेचा, रडक्या डोळ्यांचा फोटो बघून दया येते, आणि दयेनं नेलेलं कुत्रं दया संपली की परत येतं. पळतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाका. भिंगरीसाठी मी असं लिहिलं होतं :

"भिंगरी. कुत्री, वय अंदाजे दीड वर्ष, लसी आणि ऑपरेशन झालेलं. दिवसाला दोन वेळा भरपूर चालायला लागतं, पावसातसुद्धा. चपला चावते. चार फुटांची भिंत ओलांडते. कोंबड्या-मांजरं असतील तर नको. माणसांवर जीव टाकते, चोरावरही टाकेल, त्यामुळं राखणीला मागू नये. ज्यांच्या घरात पहाटे उठणारं कुणीतरी आहे त्यांनीच फोन करावा."

पुतण्या म्हणाला, "काकू, असं लिहिल्यावर कोण येणार?" फोन कमी आले हे खरं. पण तेवढेच हवे होते.

फोनवर काय विचारायचं

"फिरवाल का?" असं कधीच विचारू नका. याला "हो" सोडून दुसरं उत्तर कुणी देत नाही. मी विचारते, "काल सकाळी उठल्यापासून काय-काय केलंत?" माणूस जरा चकित होतो आणि मग खरं बोलतो. आठला उठलो, मोबाइल बघितला, नऊला गाडीवर बसलो. वाईट काही नाही त्यात, पण या दिवसात भिंगरी बसत नाही. ज्याच्या कालच्या दिवसात चालणं होतं, त्याच्या उद्याच्या दिवसात कुत्रं मावतं. जो म्हणतो "कुत्रं आलं की मी पण व्यायाम सुरू करीन", त्याला आधी महिनाभर एकट्यानं चालायला सांगा. पुढचा फोन येतो का बघा.

दुसरा प्रश्न पावसाचा. "गेल्या जुलैत काय करत होतात?" साताऱ्याचा पाऊस आठ-आठ दिवस डोळे उघडू देत नाही. उन्हाळ्यात फिरवणारे भरपूर, जुलैत फिरवणारा तो खरा. आणि एप्रिल-मेमध्ये याच्या उलट : सूर्य वर यायच्या आत फिरून परत, कारण डांबर तापलं की पंज्यांची सालं निघतात. हाताचा मागचा भाग रस्त्यावर टेकवून धरवत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नये.

आता कोण-कोण फोन करतं ते सांगते, कारण माणसांचे प्रकार ठरलेले आहेत.

भरतीची पोरं. दिसायला एकदम बरोबर! पहाटे यवतेश्वरच्या घाटात पळतात, कुत्र्यावर जीव लावतात. पण भरती झाली की पोरगं ट्रेनिंगला आणि कुत्रं खोलीमालकाच्या दारात. यांच्या बाबतीत मी विचारते, गावाकडं घरी कोण आहे, आणि मग त्या घरच्यांशीच बोलते. कॉलेजच्या मुलांचंही तसंच. परीक्षा संपली की खोली रिकामी. त्यांना सांगते, इथंच येऊन फिरवा की. पाच-सहा पोरं आळीपाळीनं फिरवतात, कुत्र्याचंही भलं होतं आणि मलाही उसंत मिळते.

मॅरेथॉनवाले. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळं शहरात धावणारे वाढलेत, त्यांतली काही घरं कुत्र्यांसाठी सोन्यासारखी आहेत. पण स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटी असते, म्हणून विचारायचं, "जानेवारीत काय करता?" आणि सांगायचं की दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्याला लांब पल्ल्याला पळवू नका, हाडं अजून भरायची असतात.

"कारवानीचं रक्त दिसतंय, ससं धरंल का?" हा फोन मी तिथंच ठेवते. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कुत्र्यांच्या शर्यतीवाल्यांनाही नाही. पळायला येणारं कुत्रं त्यांना हवं असतं, आणि पळेनासं झालं की नको असतं.

उसाच्या शेतासाठी राखणीला मागणारे. यांना सरसकट नाही म्हणू नका. रात्री पाण्याची पाळी द्यायला स्वतः जाणारा, बांधाबांधानं हिंडणारा शेतकरी असेल तर त्याच्या मागं-मागं फिरणाऱ्या कुत्र्याचं आयुष्य शहरातल्या कुत्र्याहून चांगलं असतं. पण "मोटारीच्या खोलीपाशी बांधतो, सकाळ-संध्याकाळ भाकरी टाकतो" असं असेल तर नको. कराड-पाटणच्या बाजूला उसात बिबट्या आहे. रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं त्याच्या तोंडी दिल्यासारखंच. रानडुकरांसाठी कुणी करंटची तार लावतं का, हेही विचारा. मेंढपाळांना वयानं वाढलेलं कुत्रं देऊ नये. त्यांची कुत्री पिल्लापासून कळपात वाढतात, आणि मेंढरामागं धावणारं नवखं कुत्रं त्यांना परवडत नाही.

पुण्याला नोकरी आणि वाईकडं फार्महाऊस. शनिवार-रविवारी सगळं कुटुंब येणार, बाकी पाच दिवस वॉचमन. इथं मी सरळ सांगते, मग वॉचमनशी बोलायला द्या, कुत्रं त्यांचं होणार आहे. कधी-कधी वॉचमन खरंच चांगला निघतो.

काही जण इतिहास काढतात. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे. वाघापासून महाराजांचा जीव त्यानं वाचवला, असं सांगतात. "आपल्या साताऱ्यात कुत्र्याला मान हाय मावशी!" आहे ना. पण तुमच्या दारातलं कुत्रं दिवसाचे किती तास साखळीला असतं, ते सांगा.

घर बघायला जाणं

न सांगता जाऊ नका, तो अपमान होतो. पण वेळ तुम्ही निवडा. मी सकाळी साडेसहाची मागते. त्या वेळी घर जागं आहे की नाही, एवढं बघितलं तरी पुरतं.

गेल्यावर चहाआधी भिंतीकडं बघा. जमिनीपासून हातभर उंचीवर लोखंडी कडी ठोकलेली असेल, तिच्याखाली सिमेंट गुळगुळीत झालेलं असेल आणि गोलाकार ओरखडे असतील, तर तिथं आधी एक कुत्रं वर्षानुवर्षं बांधलेलं होतं. विचारा, "त्याचं काय झालं?" उत्तर देताना घरातली माणसं एकमेकांकडं बघतात का, ते पाहा. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधणं तर आहेच, पण कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हेही क्रूरतेत धरलंय. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मी भांडायला नाही, गप्पांच्या ओघात सांगते.

मग फाटकाच्या खालची फट, गच्चीचा कठडा, उंदराचं औषध कुठं ठेवतात, शेजारी कोंबड्या आहेत का. पण सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या ज्येष्ठ बाईशी बोला. नेणारा मुलगा असतो, फोन करणारी सून असते, आणि दुपारभर कुत्र्याबरोबर राहणाऱ्या असतात आजी. आजी जर पदर सावरत म्हणाल्या, "पोरांची हौस हाय, आमाला काय विचारता," तर ते नाही आहे. तिथंच समजून घ्या.

भाड्याच्या घरात मालकाशी स्वतः बोला. फ्लॅटमध्ये कुत्रं पाळायला सोसायटी बहुमतानंसुद्धा बंदी घालू शकत नाही, केंद्राच्या पशुकल्याण मंडळाच्या तशा सूचना आहेत. पण भाडेकरूचं आणि मालकाचं जमलं नाही तर त्या सूचना कुत्र्याच्या कामाला येत नाहीत.

भेट पट्ट्यानं घ्यायची

बसून लाड करण्याची भेट काही सांगत नाही. पट्टा त्यांच्या हातात द्या आणि दहा पावलं मागं चाला.

भिंगरीला बघायला एक निवृत्त सुभेदार आले होते. फौजी म्हटलं की माझा जीव निम्मा तिथंच हलका होतो. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेला आमचा तालुका, पेन्शन लागली तरी पाचला उठणारी माणसं. यांचा कालचा दिवस ऐकूनच मी खूश झाले होते. पण गोडोलीच्या तळ्याकडं निघाल्यावर भिंगरीनं ओढ घेतली, तसा त्यांनी पट्ट्याला जोरात हिसका दिला. "शिस्त लागंल." पुढं पुन्हा ओढ, पुन्हा हिसका. तिसऱ्या वेळी ती चालायचीच थांबली, पोट जमिनीला लावून बसली. मी त्यांना म्हटलं, "सुभेदार, तुम्हाला हिच्यापेक्षा वयानं मोठं, पक्क्या चालीचं कुत्रं शोभंल. मी बघते." त्यांनाही पटलं असावं, कारण नंतर एक आठ वर्षांचा लॅब्राडोर त्यांनी नेला आणि त्या दोघांचं बेस चाललंय. नाही म्हणायचं ते असं, माणसात खोट न काढता. आज त्यांना नाही म्हटलं तरी उद्या तेच माझ्याकडं माणूस पाठवणार असतात.

त्यानंतर करंजे पेठेतून एक बहीण-भाऊ आले. दोन खोल्या, वरच्या मजल्यावर, भाड्याच्या. अंगण नावाला नाही. तिनं कालचा दिवस सांगितला : पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन आले, साडेआठला दुकानात कामाला, रात्री आठला घरी. भाऊ कंपनीत दुसऱ्या पाळीला, म्हणजे दुपारी अडीचपर्यंत घरात. मधले साडेपाच तास मालकीणबाईंच्या देखरेखीत. त्यांना मी भेटले, त्यांची अट एकच होती, जिन्यात केस दिसता कामा नयेत. किल्ल्याच्या चढावर भिंगरीनं ओढलं तेव्हा ती पोरगी जागच्या जागी उभी राहिली. ओढलं नाही, ओरडली नाही, नुसती थांबली. भिंगरीनं मागं वळून बघितलं, पट्टा सैल पडला, ही पुढं निघाली. पुन्हा ओढ, पुन्हा थांबली. मागून एक ओळखीचे काका येत होते, "आज काय किल्ला चढायचा न्हाई व्हय?" म्हणून गेले. ती हसली फक्त. वर पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला असेल, पण उतरताना पट्टा बहुतेक वेळ ढिला होता. मला दुसरं काही बघायचं नव्हतं.

कागद आणि बोली

साध्या कागदावर लिहून घ्या, दोघांच्या सह्या, ओळखपत्राची झेरॉक्स. मी पंधरा दिवसांच्या बोलीवर देते. त्या काळात कुणालाही, कोणत्याही कारणानं वाटलं तर कुत्रं परत, प्रश्न विचारणार नाही. पुढंही कधी नको झालं तर दुसऱ्याला द्यायचं नाही, कासच्या रस्त्याला सोडायचं तर नाहीच, माझ्याकडंच आणायचं. उपाशी-तहानलेलं राहील अशा जागी जनावर सोडून देणं हा वर सांगितलेल्या 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेही कागदात लिहिते. कुत्र्याचे पैसे घेत नाही. पण गळपट्टा, पट्टा, दोन भांडी आणि बसायचं पोतं त्यांनीच आणायचं, आणि आणल्याशिवाय कुत्रं हलत नाही. जो दोन वस्तू घ्यायला तीन आठवडे लावतो, तो डॉक्टरकडं किती लवकर नेईल?

पाठवणीचा दिवस

दिवाळीच्या तोंडावर, गणपतीत, घरात लग्नकार्य असताना देऊ नये. फटाक्याला बिथरून पळालेलं नवं कुत्रं सापडणं फार कठीण, त्याला परतीची वाट माहीत नसते. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी द्या, म्हणजे पहिली सकाळ सगळे घरी असतात. आदल्या दिवशी जे खाल्लं तेच पहिले चार दिवस. भाकरी, अंडं, दही-भात, उकडलेलं चिकन. कांदा, मनुका, चॉकलेट नको, आणि शिजवलेली हाडं तर अजिबात नकोत. ती चिरून आतड्यात रुततात. मेसवर मटण असलं की कुणीतरी पिशवी भरून हाडं आणून देतंच, तीही मी फेकून देते.

घेणाऱ्याला तीन आकडे सांगून ठेवते : तीन दिवस बावरेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटायला. गणित नाही हे, अंदाज आहे. पण चौथ्या दिवशी घाबरून फोन करणाऱ्याला धीर येतो. पहिले काही आठवडे दाराबाहेर पट्ट्याशिवाय नाही, गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला, आणि उघड्या दारात दोन माणसं. उत्साही कुत्रं निसटतं ते बहुतेक वेळा पाहुणे आत येताना.

पहिल्या आठवड्यात रोज फोन करू नका. त्यांना तपासणी वाटते. मी म्हणते, "रात्री झोपलेलीचा फोटो पाठवा," बस. झोपलेल्या कुत्र्याच्या फोटोवरून पुष्कळ कळतं. कुशीवर पाय पसरून, पोट उघडं टाकून झोपली असेल तर चिंता नाही. अंगाची मुटकुळी करून दाराकडं तोंड असेल तर अजून वेळ आहे. भिंगरीचा पहिला फोटो दाराकडं तोंड असलेला होता. दुसऱ्या महिन्यात चपलांच्या ढिगावर उताणी झोपलेला आला, आणि खाली ओळ होती, "मावशी, एक चप्पल गेली."

परत आलंच कुत्रं, तर भांडू नका. काय जमलं नाही ते नीट विचारून कॅलेंडरवर लिहा. पुढच्या घरासाठी त्याच्याइतकी पक्की माहिती दुसरी नाही. आणि घर लवकर मिळालं नाही तर जाहिरात कोरेगाव, कराड, सांगलीकडं फिरवा, पण अटी सैल करू नका.

जागा रिकामी झाली की लगेच दुसरं कुत्रं आणायची घाई नको, निदान पिल्लू तरी नको. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा जुलाबाचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. शेडचा कोबा ब्लीचच्या पाण्यानं धुऊन, वाळवून घ्या, पोतं जाळून टाका, भांडी उकळा. लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रं त्यानंतर यायला हरकत नाही.